रक्तक्षय आणि अन्न : परळ येथील एका शोधाचा इतिहास

घरातील एखादी लेक वा सून फिकट दिसू लागली, जिना चढताना तिला धाप लागू लागली, की आपल्याकडे उपाय सांगणारांची वाण नसते. कोणी बीट सुचवितो, कोणी डाळिंब, कोणी खजूर, तर कोणी गूळ-शेंगदाणे. तांबड्या पदार्थाने तांबडे रक्त वाढावे, असा एक भोळा न्याय यांतील बऱ्याच सल्ल्यांच्या मुळाशी असतो. हे सल्ले सर्वस्वी खोटे नाहीत आणि सर्वस्वी खरेही नाहीत. अन्नाने रक्त सुधारते, ही गोष्ट आता निर्विवाद ठरली आहे. परंतु ती तशी ठरली कोणत्या मार्गाने, आणि ती ठरविण्यात आपल्या मुंबई शहरातील दरिद्री गरोदर स्त्रियांचा वाटा केवढा आहे, हे सुशिक्षितांतही फार थोड्यांस ठाऊक असते. तो इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

रक्ताच्या फिकेपणाची ओळख आपल्या पूर्वजांना चांगली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १६ वा अध्याय पांडुरोगास वाहिलेला असून त्यात सांगितलेल्या नवायस चूर्णात त्रिफळा, त्रिकटू, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशी नऊ द्रव्ये व त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोहचूर्ण घ्यावयाचे असते. रक्तात लोह आहे हे रसायनशास्त्राने सिद्ध करण्यापूर्वी कित्येक शतके आमच्या वैद्यांनी पांडुरोग्यास लोह द्यावे, ही अनुभवाची मोठीच कमाई म्हटली पाहिजे. युरोपातही १७ व्या शतकात टॉमस सिडनॅम हा इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या तरुण मुलींना लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देत असे. १८ व्या शतकाच्या मध्यास इटलीतील मेंगिनी याने रक्त जाळून केलेल्या भुकटीतील कण लोहचुंबकाने उचलून दाखविले. पुढे १८३२ मध्ये ब्लो नावाच्या फ्रेंच वैद्याने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. रक्तास तांबडेपणा देणारे आणि प्राणवायू अंगभर वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य, त्याच्या घडणीत लोह आहे हे कळल्यावर तर, रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे एक सुटसुटीत समीकरण होऊन बसले.

परंतु निसर्ग आमच्या समीकरणांची पर्वा करीत नाही. १८५५ मध्ये लंडन येथील टॉमस ॲडिसन याने एका विलक्षण रक्तक्षयाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या रोगात लोहाचा कितीही मारा केला तरी गुण येत नसे. रोगी हळूहळू पिवळट, दुबळा होत जाई आणि अखेर बहुधा दगावे. त्याच्या रक्तात तांबड्या कणांची संख्या अतिशय घटलेली असे, पण जे कण उरत ते नेहमीच्याहून मोठे असत. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात कण लहान व फिके होतात, आणि येथे तर नेमके उलट! तेव्हा ही दोन दुखणी एक नव्हेत, एवढे उघड झाले. इलाज मात्र ७० वर्षे कोणास सापडला नाही.

तो सापडला अन्नात, आणि तोही अगदी साध्या अन्नात. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल याने कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना कृत्रिम रीतीने रक्तक्षीण केले आणि निरनिराळे पदार्थ चारून कोणत्या पदार्थाने रक्त लवकर भरून येते, ते वर्षानुवर्षे पाहिले. सर्वांत गुणकारी ठरले यकृत. यावरून स्फूर्ती घेऊन बॉस्टन येथील मायनॉट व मर्फी या दोघांनी ॲडिसनच्या असाध्य रोगाने पछाडलेल्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घातले, आणि १९२६ मध्ये ४५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मरणाच्या दारी बसलेली माणसे उठून चालू लागली होती! या कामगिरीबद्दल तिघांस मिळून १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. व्हिपलची कुत्री यकृताने सुधारली ती त्यातील लोहामुळे, आणि मायनॉटचे रोगी सुधारले ते यकृतातील एका सर्वस्वी वेगळ्या द्रव्यामुळे. म्हणजे अनुमानाचा दुवा निसटता होता, पण मुक्काम मात्र बरोबर गाठला गेला. यकृत हे दिसावयास एक अन्न, परंतु त्याच्या पोटात एक सोडून तीन औषधे एकत्र नांदत होती. त्यांपैकी एक लोह. उरलेल्या दोहोंची नावेही तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. एकाच मात्रेने जोवर सर्वांस गुण येत असतो तोवर रोगांचे प्रकार किती, हे निवडीत बसण्याची गरज कोणास भासत नाही. ती गरज उत्पन्न झाली मुंबईस, आणि ती उत्पन्न करणारी गोष्ट म्हणजे दारिद्र्य.

१९२८ च्या सुमाराची मुंबई वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. परळ, लालबाग या भागांत गिरण्यांच्या धुराड्यांचे रान माजलेले. एकेका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे. बाई दिवसभर साच्यावर उभी राहावयाची आणि घरी येऊन चूल पेटवावयाची. गरोदरपण आले तरी तिला विसावा नसे, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. याच वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याच्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेस विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, मालकासही त्यातून सर्वस्वी सुटता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

कायदेमंडळात मातेच्या विसाव्याचा विचार चालला असता परळ येथील हाफकीन संस्थेत मातेच्या रक्ताचा विचार सुरू झाला होता. ही संस्था मुळात प्लेगच्या संशोधनासाठी जन्मली. गव्हर्नरांचा जुना वाडा तिला मिळाला होता, आणि १९२५ मध्ये तिला प्लेगची लस काढणाऱ्या हाफकीन यांचे नाव देण्यात आले. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहून भारतीय संशोधन निधी मंडळाने मातृमृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. तिच्या मागे डॉ. मार्गारेट बॅल्फर या अनुभवी बाईंची प्रेरणा होती. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी त्यांनी विलायतेहून ज्या विदुषीस बोलाविले, त्या डॉ. लूसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म १८८८ चा. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, आणि वैद्यकाकडे त्या उशिरा वळल्या. १९२० मध्ये, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना घालून रोगी तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत रोगाचे मूळ शोधण्याकडे त्यांचा ओढा होता. मुंबईस आल्यावर त्यांनी पाहिले की, या गरोदर स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ॲडिसनच्या रोग्यांसारखेच दिसते. कण थोडे, पण मोठे. तथापि रोगाची चाल निराळी होती. बाळंतपणातून जी वाचे तिचा रोग पुढे पुष्कळदा आपोआप हटे, पण वाचणे हेच कठीण.

असा रोग दिसला की जंतू शोधावयाचा, ही त्या काळची रीत, आणि प्रथम तोही मार्ग तपासून पाहण्यात आला. पण विल्सबाईंची खरी थोरवी अशी की, त्या प्रयोगशाळेतून उठून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. डॉ. तळपदे यांच्या साह्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाचे प्रमाण आणि ताटातील अन्न यांची सांगड त्यात स्पष्ट दिसली. दरिद्री मुसलमान वस्तीतील स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि या रोगाला बळीही त्याच अधिक पडत होत्या. आम्हास ही गोष्ट फार बोधप्रद वाटते. या स्त्रियांना धर्माने मांस निषिद्ध नव्हते, यकृतही निषिद्ध नव्हते. ते निषिद्ध केले होते दारिद्र्याने. आहाराचा प्रश्न आपल्याकडे नेहमी शाकाहार विरुद्ध मांसाहार अशा वादात गुंतून पडतो. मुंबईच्या या पाहणीने दाखविले की, त्याच्याही आधी पोटभर व चौरस अन्न मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न उभा असतो.

मग परीक्षा सुरू झाली. अ आणि क ही जीवनसत्त्वे देऊन पाहिली, पण उपयोग झाला नाही. १९२९ मध्ये काही महिने विल्सबाईंनी नीलगिरीतील कुन्नूर येथे काम केले. तेथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे आहारसंशोधन चालवीत होते. मुंबईच्या गरीब स्त्रियांचा जो आहार तोच पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना दिला असता त्याही आजारी पडल्या, आणि आहारात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यास व दारू आंबविण्यास लागणारे किण्व, मिसळले असता त्यांचा रक्तक्षय टळला. उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणाऱ्या एका जंतूने या प्रयोगांत पुढे बराच घोटाळा केला. परंतु माकडांवर तेच प्रयोग करून पाहिल्यावर दिशा चुकलेली नाही, याची खात्री पटली.

आता औषध कोणते द्यावयाचे? यकृताने या स्त्रियांनाही गुण येत होता. पण रोज पाव-अर्धा शेर यकृत कोणत्या चाळीत शिजणार? शाकाहारी घरांतून तर त्याचे नावही काढावयाची सोय नव्हती. यकृताचा तयार अर्क मिळे, पण तो महाग. तेव्हा स्वस्तात स्वस्त असा यीस्टचा अर्क म्हणून विल्सबाईंनी मार्माइट निवडले. मार्माइट म्हणजे इंग्लंडात बिअरच्या भट्ट्यांतून उरणाऱ्या किण्वाचा काळपट, खारट, चिकट अर्क. १९०२ पासून तो तेथे पावाला लावून खाण्यासाठी विकला जात होता. वैद्यकाच्या इतिहासात इतके क्षुद्र कुळ असलेली औषधी क्वचितच आढळेल. पण ती मुंबईतील गरोदर स्त्रियांना देताच त्यांच्या रक्तात नवे कण उत्पन्न होऊ लागले, आणि थकून निपचित पडलेल्या बाया उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि परळच्या कामाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले.

या शोधाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. मार्माइट हे यकृताचे गरिबांसाठी काढलेले दुय्यम रूप होते, एवढेच असते तर त्याची नोंद धर्मादाय कामात झाली असती, शास्त्रात नव्हे. पण पुढील काही वर्षांत विल्सबाईंना असे आढळले की, ॲडिसनच्या रोगावर रामबाण ठरलेला यकृताचा अतिशुद्ध अर्क मुंबईच्या या रक्तक्षयावर मुळीच चालत नाही. साधा, कमी शुद्ध केलेला अर्क चालतो, आणि मार्माइटही चालते. याचा अर्थ एकच होता. अर्क शुद्ध करण्याच्या खटाटोपात जे द्रव्य टाकून दिले जात होते, तेच या स्त्रियांना हवे होते! श्रीमंत यकृताने जे तीन गुण एकत्र गुंडाळून ठेवले होते ते भट्टीतल्या गाळाने वेगळे करून दाखविले. १९३७ च्या अखेरीस विल्सबाई पुन्हा काही आठवड्यांसाठी हाफकीन संस्थेत येऊन काम करून गेल्या. त्या अज्ञात द्रव्यास तर काही काळ विल्स यांचेच नाव मिळाले होते.

त्याचे खरे नाव कळण्यास १९४१ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील टेक्सस येथे तीन रसायनशास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक आम्ल असे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाती होती. ॲडिसनच्या रोगावरील द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती आले, आणि यकृताच्या पोटातील तिन्ही औषधांची ओळख पटली. ज्या द्रव्यासाठी मुंबईच्या स्त्रिया प्राणास मुकल्या, ते माठ, मेथी, पालक, चवळी यांच्या जुडीत आणि हरभऱ्या-मुगाच्या डाळीत होते, हे समजल्यावर कोणाही सहृदय माणसास चुटपुट लागल्यावाचून राहणार नाही. परंतु ज्यांच्या ताटात भात वा पाव यांपलीकडे फारसे काही येतच नव्हते, त्यांना भाजी आठ बाजारात असली काय आणि नसली काय, सारखेच.

हा इतिहास सांगून झाल्यावर, आज रक्त वाढविण्यासाठी काय खावे या प्रश्नाचे उत्तर देणे बरेच सोपे होते, पण ते एका शब्दात देता येत नाही. पहिली गोष्ट अशी की, हिमोग्लोबिनचा आकडा रोग आहे एवढे सांगतो, कोणता आहे ते सांगत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलीलिटरला ११ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास तो रक्तक्षय समजतात, आणि ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र होय. तेथे केवळ आहारावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पोटात आकडेकृमी रक्त पीत असतील, हिवताप वारंवार येत असेल, अथवा विदर्भातील अनेक कुटुंबांत आढळतो तसा सिकलसेलचा आनुवंशिक दोष असेल, तर ताटातील भाजीने त्याचे निवारण व्हावयाचे नाही. म्हणून प्रथम परीक्षा, मग पथ्य, हाच क्रम योग्य होय.

दुसरी गोष्ट लोहाची. आपल्याकडील बहुसंख्य रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो. बाजरी, डाळी, तीळ, अळीव, पालेभाज्या यांत लोह आहे खरे, परंतु धान्यातील व भाजीतील लोह आतडे मोठ्या नाखुशीने स्वीकारते. शंभर भाग खाल्ले तर पाच-दहाच भाग अंगी लागतात. मांस, मासे व यकृत यांतील लोह याहून पुष्कळ सहज शोषले जाते. यास्तव शाकाहारी माणसाने किती खाल्ले यापेक्षा कशाबरोबर खाल्ले, हे अधिक पाहावे. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा ते बरेच घटवितो. मटकीला मोड आणल्याने वा पीठ आंबविल्यानेही लोह मोकळे होण्यास साह्य होते. मोडाच्या उसळीवर लिंबू पिळण्याची आपल्या आज्यांची चाल आणि आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजविण्याची रीत, या दोन्ही शास्त्राच्या कसोटीस उतरल्या आहेत. बिटाला मात्र त्याच्या रंगामुळे मिळालेली प्रतिष्ठा टिकत नाही. त्यात लोह बेताचेच आहे. फोलिक आम्ल त्यात आहे, पण त्याचा तांबड्या रंगाशी काही संबंध नाही.

तिसरी गोष्ट मोठ्या कणांच्या रक्तक्षयाची. पालेभाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी टाकून दिले तर विल्सबाईंचे द्रव्य पाण्याबरोबर मोरीत जाते. ब-१२ तर वनस्पतींत नाहीच, आणि शाकाहारी मनुष्यास ते दूध-दह्यातूनच मिळावयाचे. त्याची उणीव असता नुसते फोलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि आत मज्जातंतूंचा ऱ्हास चालू राहतो, हा धोका विसरून चालणार नाही.

एवढे ज्ञान हाती असता आजची स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ रक्तक्षीण आढळल्या, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ५४ होते. परळच्या गिरण्या आता उरल्या नाहीत, पण परळचा प्रश्न उरला आहे. १९७० पासून सरकार गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्ल यांची गोळी देत आले आहे, आणि त्या लहानशा गोळीत १९२८ च्या मुंबईचा एक अंश आहे असे म्हणावयास हरकत नाही. गोळी अवश्य घेतली पाहिजे. गरोदरपणात एकंदर सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते, आणि आधीच रित्या झालेल्या देहाला ते केवळ अन्नातून पुरवून घेणे कठीण पडते. परंतु देह आधीच रिता का झाला, याचे उत्तर गोळीत नाही.

ते उत्तर पाहावयाचे असल्यास जेवणाच्या पंगती पाहाव्या. प्रथम पुरुष, मग मुले, मग वडीलधारी, आणि सर्वांचे आटोपल्यावर जी बसते तिच्या वाट्यास भाजीचे पातेले खरवडून निघेल तेवढे. या रीतीस आपण त्याग म्हणतो आणि तिची स्तुतीही करतो. विल्सबाईंनी ज्या बायांचे रक्त तपासले त्यांच्यापैकी एकीचेही नाव आज कोणास ठाऊक नाही, परंतु त्यांच्या रक्ताच्या थेंबांतून जगाने एक जीवनसत्त्व शिकले. त्या ऋणाची फेड करावयाची असेल तर मोठ्या योजनांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या घरात लेक वयात आली आहे वा सून गरोदर आहे, त्या घराने भाजी, डाळ, दूध आणि लिंबाची फोड प्रथम तिच्या ताटात वाढावी, आणि तिला सर्वांबरोबर बसवावे. याला शास्त्राचा आधार आहे, आणि खर्च तर काहीच नाही.